आठवड्याची सभा आणि पाहुणे वक्ते

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेकडील दारातून बाहेर पडले की समोरच पहाडगंज लागते. मोगल काळात अजमेरी दरवाजाबाहेरची धान्याची मोठी पेठ म्हणून ही वस्ती नावारूपाला आली. आज ती ओळखली जाते ती मेन बझारमधील लहानमोठ्या हॉटेलांमुळे. दिवसरात्र प्रवासी येतात आणि जातात. सामानाच्या हातगाड्या, रिक्षा, खाद्यपदार्थांचे ठेले आणि देशोदेशीच्या लोकांची गर्दी यांतून वाट काढावी लागते. दिल्लीतील मराठी माणसाला मात्र पहाडगंज आणखी एका कारणाने जवळचे वाटते. नूतन मराठी शाळा येथेच आहे आणि बृहन्महाराष्ट्र भवनही येथेच आहे. जवळच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. १९४९ ते १९६२ या काळात स्वामी रंगनाथानंद या केंद्राचे प्रमुख होते. त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी दिल्लीच्या दूरदूरच्या भागांतून लोक येत असत. येण्याजाण्याच्या या वस्तीत थोडा वेळ थांबून ऐकण्याचीही परंपरा आहे, ती अशी.

काही वर्षांपूर्वी याच वस्तीतील एका सेवाभावी मंडळाने मला वक्ता म्हणून बोलावले होते. मंडळाची सभा दर गुरुवारी संध्याकाळी भरते. मंडळाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. कारण तेथे मी जे पाहिले, ते अशा बहुतेक मंडळांत पाहायला मिळते. सुरुवातीला प्रार्थना झाली. कार्यवाहांनी मागील सभेचे इतिवृत्त वाचले. माझा परिचय सात-आठ मिनिटे चालला. त्यानंतर पुष्पगुच्छ, शाल आणि श्रीफळ झाले. मी पंचवीस मिनिटे बोलले. लगेच आभारप्रदर्शन झाले आणि सगळे चहाकडे वळले. मला कोणी एकही प्रश्न विचारला नाही. घरी परतताना मेट्रोत माझ्या मनात विचार आला, या तासाभरात नेमके काय घडले? माझ्या बोलण्याने कोणाचे काही भले झाले का? नसेल, तर दर आठवड्याला पंचवीस-तीस माणसे आपली संध्याकाळ कशासाठी खर्च करतात?

हा प्रश्न केवळ माझा नाही. सेवा करायची तर ती सरळ करावी, त्यासाठी सभा आणि भाषणे कशाला, असे म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. भाषण ऐकून भुकेल्याचे पोट भरत नाही. तरीही साप्ताहिक सभेचा इतिहास पाहिला, तर सेवेचा जन्म अनेकदा सभेतूनच झाला आहे, असे दिसते.

रोटरी या संघटनेचे उदाहरण घेऊ. पॉल हॅरिस हा शिकागो शहरात वकिली करणारा तरुण लहान गावात वाढला होता. मोठ्या शहरात ओळखी असूनही मित्र नाहीत, ही खंत त्याला होती. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने तीन परिचितांना एकत्र बोलावले. पुढे सभासद आळीपाळीने एकमेकांच्या कार्यालयात जमू लागले. सभेची जागा अशी फिरती होती, म्हणून मंडळाला 'रोटरी' हे नाव मिळाले. सुरुवातीचा हेतू मैत्रीचा आणि परस्परांच्या व्यवसायाला मदत करण्याचा होता. पण माणसे नियमाने भेटू लागली, की गावाचे प्रश्नही बोलण्यात येतात. १९०७ मध्ये या मंडळाने शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारावे म्हणून प्रयत्न सुरू केले. जगभर पसरलेल्या या संघटनेच्या पहिल्या सेवाकार्यांपैकी हे एक होय. १९१७ मध्ये त्याच शहरात मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स ही संघटना सुरू झाली. भारतात १९२० च्या सुमारास कोलकात्यात आणि १९२९ मध्ये मुंबईत रोटरी मंडळे स्थापन झाली.

आपल्याकडे ही रीत परकी नव्हती. मुंबईत १८४८ मध्ये विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी चालवलेल्या सभेच्या मराठी शाखेत, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेत, निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. १८६७ मध्ये प्रार्थना समाज, १८७० मध्ये पुण्याची सार्वजनिक सभा आणि १८७३ मध्ये महात्मा फुले यांचा सत्यशोधक समाज उभा राहिला. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. या संस्थांचे मार्ग वेगवेगळे होते, काही वेळा परस्परविरोधीही होते. पण माणसांनी ठरलेल्या वेळी एकत्र यावे, एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे आणि त्यातून काही करावे, ही गोष्ट सर्वांत समान होती. १८७६-७७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेने आपली माणसे ठिकठिकाणी पाठवून लोकांच्या स्थितीची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. सभेतील बोलणे हे असे गावोगावच्या ऐकण्यापर्यंत पोहोचले, तेव्हाच त्याला वजन आले.

म्हणून माझे मत असे आहे की दोष सभेत नाही आणि भाषणातही नाही. व्यासपीठावर कोणाला बसवायचे आणि का बसवायचे, हे ठरवण्यात खरा दोष आहे. बहुतेक मंडळांत आधी वक्ता ठरतो आणि विषय मागून येतो. मोठ्या पदावरील अधिकारी, नावाजलेले डॉक्टर, लेखक, उद्योजक यांच्यापैकी ज्यांना वेळ असेल त्यांना बोलावले जाते आणि त्यांना जे सांगायचे असेल ते ऐकले जाते. ऐकणाऱ्यांना कशाची गरज आहे, ज्यांच्यासाठी मंडळ काम करते त्यांना काय हवे आहे, हा विचार होतच नाही. पाहुण्याचा मान राखला जातो, छायाचित्र निघते आणि सभा पार पडते. 'ज्याचे जळते त्याला कळते' ही म्हण आपण सारे जाणतो. पण ज्याचे जळते, त्याला आपण व्यासपीठावर क्वचितच बोलावतो.

हे मला कळले ते त्याच मंडळातील एका प्रसंगामुळे. पुढे त्या मंडळाशी माझा चांगला परिचय झाला. तेथील कार्यवाह हे निवृत्त मराठी शिक्षक. सगळे त्यांना काका म्हणतात. एका गुरुवारी मी श्रोता म्हणून गेले होते. त्या दिवशी एक मोठे अधिकारी येणार होते. वेळ झाली, चहाचे पाणी उकळू लागले, पण पाहुण्यांचा पत्ता नव्हता. इतक्यात दाराशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. जवळच्या एका हॉटेलात खोल्या झाडण्याचे आणि चादरी बदलण्याचे काम त्या करीत. मंडळ दरवर्षी जुलैमध्ये गरीब मुलांना वह्या वाटते, त्या वह्यांची चौकशी करायला त्या आल्या होत्या. काका त्यांना म्हणाले, "ताई, पाहुणे यायला उशीर आहे. तुम्हीच दोन शब्द सांगा ना. वह्यांचा मुलांना कसा उपयोग होतो, तेवढे सांगितले तरी चालेल."

त्या संकोचल्या. पदर सावरून दाराजवळच उभ्या राहिल्या आणि हिंदीत चार-पाच मिनिटे बोलल्या. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता : "वह्या चांगल्या असतात. पण दिल्लीत शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. तुमच्या वह्या जुलैमध्ये येतात. तोवर मी दुकानातून उधारीवर वह्या घेतलेल्या असतात. त्या पैशांवर तीन महिने बोलणी खावी लागतात. आणि माझ्या धाकट्याला वह्या नकोतच, कारण तो शाळेतच जात नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून त्याला शाळेतून परत पाठवले. तो सात वर्षांचा आहे. मला अर्ज लिहिता येत नाही. कोणी अर्ज लिहून दिला तर वह्या मी घेईन."

सभागृह शांत झाले. अकरा वर्षे मंडळ वह्या वाटत होते. अकरा वर्षांत त्याच व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व सांगणारी कितीतरी भाषणे झाली असतील. मात्र वह्या कोणत्या महिन्यात लागतात, हे घेणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. वह्या देणारी माणसे वाईट नव्हती. त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले होते. पण त्यांचे स्वतःचे शालेय जीवन महाराष्ट्रात गेले होते आणि शाळा जूनमध्ये उघडते, हे त्यांच्या मनात पक्के बसलेले होते. चांगला हेतू आणि चांगले काम यांमध्ये किती अंतर असू शकते, हे त्या चार मिनिटांनी दाखवून दिले.

तेवढ्यात अधिकारी आले आणि ठरलेला कार्यक्रम झाला. पण चहाच्या वेळी वाद सुरू झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "काका, ही व्याख्यानाची सभा आहे, तक्रारींची कचेरी नव्हे. उद्या दहाजण दाराशी येऊन उभे राहतील." काका म्हणाले, "राहू द्यात. त्यांच्याचसाठी मंडळ काढले ना आपण?" वाद तेथे मिटला नाही, पण पुढच्या गुरुवारसाठी वक्ता कोण असावा, हे मात्र ठरले. एका वकिलांना बोलावण्यात आले आणि त्यांना विषयही नेमून देण्यात आला : जन्माचा दाखला नसलेल्या मुलाला शाळेत प्रवेश मिळू शकतो का?

त्या वकिलांचे भाषण मी ऐकले. २००९ मध्ये संमत झालेला बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून देशात लागू झाला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलामुलीला तो प्राथमिक शिक्षणाचा हक्क देतो. वयाचा पुरावा नाही, एवढ्या कारणावरून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे त्याच्या चौदाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. जे मूल शाळेत गेलेच नाही, त्याला त्याच्या वयाला योग्य अशा इयत्तेत प्रवेश द्यावा, अशीही तरतूद त्यात आहे. हे सारे वकिलांनी सोप्या हिंदीत सांगितले. त्या ताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या दिवशी प्रश्न इतके आले की आभारप्रदर्शनाला वेळच उरला नाही. पुढे दोन सभासदांनी अर्ज लिहून दिला, ते बरोबर गेले आणि मुलाला प्रवेश मिळाला. आता मंडळ वह्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वाटते आणि रविवारी सकाळी दोन तास अर्ज लिहून देण्यासाठी दोघे सभासद टेबल मांडून बसतात.

या प्रसंगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. विद्वान वक्ते नकोत, असे मी म्हणत नाही. वकील आले नसते, तर कायद्यातील कलम कोणालाच कळले नसते. पण आधीच्या गुरुवारी ताई बोलल्या नसत्या, तर वकिलांनी कायद्याविषयी सर्वसाधारण भाषण केले असते आणि ते सर्वजण विसरले असते. प्रश्न आधी आला आणि वक्ता नंतर आला, म्हणून ज्ञान कामाला आले. अनुभव असलेल्याने प्रश्न मांडावा, अभ्यास असलेल्याने उत्तर शोधावे आणि साधने असलेल्याने हात द्यावा, असा हा क्रम आहे. तो उलटा झाला, की सेवेचा सोहळा होतो.

मोठ्या कामांतही हेच दिसते. रोटरी संघटनेने १९८५ मध्ये पोलिओ नष्ट करण्याची मोहीम हाती घेतली. दिल्लीत २ ऑक्टोबर १९९४ रोजी बालकांना एकाच दिवशी डोस देण्याचा मोठा कार्यक्रम झाला आणि पुढच्या वर्षी तो देशभर सुरू झाला. लस होती, पैसा होता, स्वयंसेवक होते. तरीही २००९ मध्ये जगातील पोलिओच्या एकूण रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे भारतात होते. उत्तर प्रदेश आणि बिहारमधील काही भागांत अनेक आईबाप डोस पाजायला तयार नव्हते. केवळ फलक लावून आणि भाषणे करून त्यांची शंका फिटली नाही. वस्तीतल्याच स्त्रिया घरोघर गेल्या, त्यांनी आयांचे म्हणणे ऐकून घेतले, धर्मगुरूंनी लोकांना विश्वास दिला, तेव्हा दारे उघडली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या यशात प्रयोगशाळेचा वाटा आहे, पैशाचा आहे, तसाच ऐकून घेणाऱ्या कानांचाही आहे.

सभेत कोणाला जागा द्यायची, हा प्रश्न या संघटनांनाही सुटला तो उशिराच. कितीतरी दशके रोटरीचे सभासदत्व फक्त पुरुषांना मिळत असे. कॅलिफोर्नियातील दुआर्ते या गावच्या मंडळाने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, म्हणून त्या मंडळाची मान्यताच काढून घेण्यात आली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८७ मध्ये निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये संघटनेने आपला नियम बदलला. २०२२ मध्ये जेनिफर जोन्स या तिच्या पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या. ज्यांना एकेकाळी दाराबाहेर ठेवले होते, त्यांच्याच हाती पुढे धुरा आली. आज दाराशी संकोचून उभ्या असलेल्या माणसाबद्दल आपण काय ठरवतो, याचा विचार करताना हे उदाहरण आठवावे.

आणखी एक मुद्दा राहतो. सभा दर आठवड्याला कशाला, असे अलीकडे वारंवार विचारले जाते. शहरातील धावपळ वाढली आहे. २०१६ मध्ये रोटरीनेही आपल्या मंडळांना महिन्यातून किमान दोन सभा घेण्याची मुभा दिली. ही अडचण मी नाकारत नाही. तरीही मला आपला आठवडी बाजार आठवतो. मंगळवारचा बाजार मंगळवारीच भरतो, म्हणून पाच कोसांवरचा माणूस टोपली डोक्यावर घेऊन निःशंकपणे निघतो. त्या ताई गुरुवारी आल्या, कारण गुरुवारी तेथे माणसे भेटतात हे त्यांना ठाऊक होते. सभा कधी असते आणि कधी नसते, असे असते तर त्या आल्या नसत्या. ज्यांच्याकडे दूरध्वनी क्रमांक, ओळखी आणि मोकळा वेळ असतो, त्यांचे अनियमितपणाने फारसे बिघडत नाही. ज्यांच्याकडे यांपैकी काही नसते, त्यांना ठरलेला वार आणि उघडे दार हाच आधार असतो.

संत गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. त्या कीर्तनात ते समोरच्या लोकांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत. वक्ता आणि श्रोता यांच्यामधील अंतर त्यांनी असे पुसून टाकले होते. आपल्या साप्ताहिक सभांना याहून वेगळा आदर्श शोधण्याची गरज नाही. परिचय दोन मिनिटांचा असावा, भाषण वीस मिनिटांचे असावे आणि उरलेला वेळ प्रश्नांसाठी असावा. महिन्यातील एका सभेत तरी, ज्यांच्यासाठी मंडळ काम करते त्यांच्यापैकी एकाने पाहुणा वक्ता असावे. स्थानकावरचा हमाल, रिक्षावाला, हॉटेलात भांडी घासणारा मुलगा, घरकाम करणारी बाई हेही आपापल्या जगण्याचे जाणकार आहेत. त्यांनाही तोच पुष्पगुच्छ आणि तीच खुर्ची मिळावी.

हा पाठ वाचणाऱ्यांपैकी अनेकांची शाळा कधीतरी मध्येच सुटली असेल. कोणी दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडत असेल. कोणी मुलांना झोपवून अभ्यासाला बसत असेल. सभा, व्यासपीठ, भाषण या गोष्टी शिकलेल्या आणि प्रतिष्ठित माणसांच्या आहेत, आपण मागच्या रांगेत बसावे, असे आपल्याला कदाचित वाटत असेल. तसे मानू नका. शाळा का सुटते आणि पुन्हा शिकायला काय लागते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? आपल्या वस्तीत असे एखादे मंडळ असेल तर त्याच्या सभेला जा. पाहुण्यांचे बोलणे मन लावून ऐका आणि ते संपल्यावर एक तरी प्रश्न विचारा. बोलायला बोलावले, तर आपल्याला माहीत असलेले खरे तेवढे, थोडक्यात सांगा.

त्या ताईंच्या बोलण्याआधी त्यांचा परिचय कोणी करून दिला नव्हता. त्यांना शाल-श्रीफळही मिळाले नव्हते. माझ्या पंचवीस मिनिटांच्या भाषणातील आज कोणाला काय आठवत असेल, मला सांगता येत नाही. पण पहाडगंजातील त्या मंडळाच्या वह्या दरवर्षी एप्रिलमध्ये मुलांच्या हाती पडतात.